चालणारा फरक

दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी उलटल्या, तेव्हा तिच्या चिठ्ठीवर बहात्तर होते आणि नव्या बाईंच्या चिठ्ठीवर पासष्ट. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं तिला झालं. बाकी सगळं जागच्या जागी होतं. टेबलावरचा पांढरा दिवा, ओल्या कागदाचा किंचित आंबूस वास, भिंतीपलीकडे उबदार कपाटांच्या मोटारीची घरघर, खिडकीखालून जाणाऱ्या बसगाड्या. बियाण्याच्या प्रत्येक नमुन्याचं काम इथं असंच चालायचं. शंभर दाणे ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागद गुंडाळायचा, गुंडाळी कपाटात उभी करायची आणि आठवड्याभरानं उलगडायची. आत रोपं निघतात, पांढरट, लांब मानेची, उजेडाला बिचकलेली. त्यांतलं कोणतं शेतात उभं राहील आणि कोणतं राहणार नाही, हे माणसानं डोळ्यांनी ठरवायचं. आधी एकानं बघायचं, आकडा लिहून चिठ्ठी पालथी घालायची, मग दुसऱ्यानं बघायचं. दोन आकड्यांत थोडं अंतर पडलं तर हरकत नसते. त्याला कार्यालयात चालणारा फरक म्हणत. किती चालतो याचा तक्ता भिंतीवर लावलेला होता. गेल्या कित्येक वर्षांत तिनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, कारण नव्या बाईंच्या जागी आधी बसणाऱ्या मास्तरांच्या आणि तिच्या चिठ्ठ्यांत फरक पडतच नसे.

"सात," नव्या बाई म्हणाल्या. "हा काही चालणारा फरक नाही. हा पळत सुटलेला फरक आहे."

नव्या बाई दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून बदलून आल्या होत्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी चहाच्या कपांवरचे डाग मोजले, आणि संध्याकाळपर्यंत सगळं कार्यालय त्यांना फौजदार म्हणू लागलं. त्यांनाही ते ठाऊक होतं. शिपाई आत डोकावला की त्याच विचारत, "काय रे, फौजदारांकडे काय काम?"

"कोणती सात?" तिनं विचारलं.

फौजदारांनी चिमट्यानं एकेक रोप बाजूला ओढलं. सोयाबीनची रोपं. सातही सारखीच दिसत होती. वरचा भाग ठीक, दाण्याची दोन्ही दळं जाड आणि शाबूत. खाली मात्र मुख्य मूळ बोटभरही न वाढता खुंटलेलं, आणि त्याच्या बाजूनं फुटलेली चारदोन केसांसारखी मुळं. मळणीत दाण्याला मार बसला की असं होतं. नियम सांगतो, मुख्य मूळ खुंटलेलं असलं तरी बाजूची मुळं पुरेशी असतील तर रोप चांगलं धरा. पुरेशी म्हणजे किती, ते नियम सांगत नाही.

"ही पुरेशी आहेत," ती म्हणाली.

"ही? ताई, माझ्या डोक्यावर याहून जास्त केस आहेत, आणि मला कोणी पेरत नाही."

ती हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. मास्तर इथं असते तर त्यांनी ही सातही रोपं काही न बोलता चांगल्यांत सरकवली असती. त्यांचा चिमटा तिला डोळ्यांसमोर दिसत होता. रोपाला मानेखाली धरायचे, कोवळ्या बाळाला धरावं तसे. उजेडाकडे एकदा वळवायचे. मग डावीकडे. डावीकडे चांगली, उजवीकडे बाद. एकमेकांची चिठ्ठी कधी चोरून पाहिली नाही, एकमेकांना खूण केली नाही, आणि तरी दुपार दुपार, पोतं पोतं, हंगाम हंगाम आकडे जुळत गेले. सुरुवातीच्या वर्षी जुळत नसत. तिचा आकडा नेहमी वर असे, मास्तरांचा खाली, आणि मास्तर डोळे मिचकावून म्हणत, "बाई, तुमच्याकडे सगळीच पोरं पास." मग कधीतरी एका दुपारी चिठ्ठ्या उलटल्या आणि दोन्हीवर एकच आकडा निघाला. ती मोठ्यानं हसली होती. मास्तरांनी चष्मा काढून पुसला होता. त्या दिवशी घरी जाताना ती बसमध्ये उभी होती तरी तिला बसल्यासारखं वाटत होतं. आपला डोळा तयार झाला, आपल्याला मास्तरांसारखं दिसायला लागलं, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यावर ती पुढची सगळी वर्षं राहिली. दुसरं काही नव्हतंच. मास्तरांचं घर होतं, संसार होता, मुलीच्या परीक्षा होत्या. तिच्या घरी आई होती. दोघांनी एकमेकांना कामाव्यतिरिक्त कधी काही विचारलं नाही. पण चिठ्ठी उलटण्याआधीचा तो एक क्षण असे, दोन्ही चिठ्ठ्या पालथ्या, दोघांचे हात टेबलावर. आणि आता घरी भाजी चिरताना, रस्ता ओलांडताना, दाढ दुखत असताना तिला तो क्षण हवा असायचा, तहान लागावी तसा.

तो क्षण नव्या प्रमुखांनी मोडला. ते हुशार होते आणि वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या मागवून घेतल्या आणि दोघांना खोलीत बोलावलं. "तुम्ही एकमेकांचं बघून लिहिता असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "तसं तुम्ही लिहीत नाही याची मला खात्री आहे, आणि तेच जास्त वाईट आहे. दोन डोळे वेगळे असावेत म्हणून दोन माणसं ठेवतात. तुम्ही दोघं मिळून एकच माणूस झाला आहात. मग मी पगार दोन का देतो?" मास्तर खाली बघत होते. तिला वाटलं, त्यांनी काहीतरी म्हणावं. त्यांनी फक्त विचारलं, "बदली कुठं?" महिन्याभरात मास्तर गेले. जाताना त्यांनी आपला चिमटा तिच्याकडे ठेवला नाही, काही आठवण दिली नाही. चिमटा रुमालात गुंडाळून खिशात घातला आणि म्हणाले, "येतो बाई." रोज संध्याकाळी म्हणत तसंच.

आता सात रोपं टेबलावर होती आणि त्यांच्यावर एक अख्खा लॉट टांगलेला होता. सत्तरच्या वर गेला तर बियाणं म्हणून विकला जाणार, खाली आला तर तेलाच्या गिरणीत. कोणाचा लॉट हे कळू नये म्हणून पिशवीवर नुसता क्रमांक असतो. पण क्रमांकामागे कोणीतरी असतंच. कोणीतरी तो पिकवलेला असतो, आणि कोणीतरी तो विकत घेऊन पेरणार असतो. प्रमुखांनी दोघींचं ऐकून घेतलं. "वाद मातीवर सोपवा," ते म्हणाले. "ही वादातली सातही रोपं एका ओळीत लावा. शेजारच्या ओळीत तुम्हां दोघींना मान्य असलेली तितकीच. माती सांगेल ते धरू." आणि मग, तिच्याकडे न बघता, "पेरणी तोंडावर आली आहे. लवकर काय ते कळलेलं बरं."

मागच्या व्हरांड्यात तिनं लाकडी ट्रे मातीनं भरला. माती चाळली, ओली केली, पेन्सिलीनं भोकं पाडली. फौजदारांनी एक ओळ लावली, तिनं दुसरी. वादातली ओळ तिनं मागून घेतली. आपण लॉटसाठी लावत नाही आहोत हे तिला माती दाबतानाच कळत होतं. ही रोपं उभी राहिली तर मास्तरांनी आणि तिनं मिळून जे पाहिलं ते खरं होतं. ती दोघं दोन माणसंच होती, दोघांनाही तेच दिसलं कारण ते तसंच होतं. नाही राहिली, तर ती सगळी वर्षं कशाची होती, हे तिला कळेना. अंगठ्यानं तिनं एकेका रोपाभोवती माती बसवली. मग ट्रेवर ओंजळीनं पाणी शिंपडलं.

घरी आई ताट वाढून बसली होती. "आज फार मातीत हात घातलेस," ती नखांकडे बघून म्हणाली. "तुझे मास्तर गेले आणि तुला माळ्याचं काम दिलं वाटतं."

"माझे कसले मास्तर, आई?"

"बरं, कार्यालयाचे. कार्यालयाचे मास्तर गेल्यापासून कार्यालय जेवत नाही, कार्यालय झोपेत कूस बदलत राहतं. मला काय, मी म्हातारी. मला कोणी सांगत नाही."

आईला बोलण्याची जागा कायम सापडायची; शेजारणी म्हणायच्या, हिची जीभ सुईसारखी आहे, टोचते पण शिवतेही. जेवण झाल्यावर ती गॅलरीत उभी राहिली. समोरच्या इमारतीत खिडक्यांत दिवे लागत होते. तिला वाईट खोड लागली होती. बसच्या रांगेत, बँकेत, दवाखान्यात ती माणसं मोजायची. हा उभा राहील, हा राहणार नाही. खांदा पडलेला तो कारकून, उजवीकडे. पाठीवर दप्तर, हातात भाजी आणि काखेत पोर घेऊन जिना चढणारी ती बाई, डावीकडे. स्वतःला तिनं कधी मोजलं नव्हतं. आता वाटलं, आपणही त्या वादातल्या ओळीतलेच. मुख्य मूळ कुठंतरी पूर्वीच खुंटलेलं, आणि बाजूनं फुटलेल्या चारदोन केसांवर, दुपारच्या त्या एका क्षणावर, वर दळं जाड आणि शाबूत दाखवत उभे.

दुसऱ्या दिवशी दोन्ही ओळी सारख्या होत्या. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात ऊन सरकत आलं आणि वादातल्या ओळीनं माना टाकल्या. संध्याकाळी त्यांतल्या बऱ्याच पुन्हा वर आल्या. तिनं ट्रे सावलीत ओढला. मागून फौजदारांचा आवाज आला, "अहो, शेत सावलीत ओढता येतं का?" तिनं ट्रे पुन्हा जागेवर ठेवला आणि तिला शरम वाटली.

त्या शरमेतूनच तिला ते शेत आठवलं. दोन हंगामांपूर्वी तक्रार आली होती, बियाणं नीट उगवलं नाही म्हणून, आणि मास्तरांना आणि तिला पाहणीला धाडलं होतं. जीपमध्ये मागच्या बाकावर दोघं. मास्तरांनी तिला खिडकीची बाजू दिली आणि धुळीचा भपकारा आला की स्वतःचं दप्तर तिच्या बाजूच्या फटीत धरत राहिले. त्यांच्या बाहीला ओलसर खडूसारखा वास होता. पुढं शेत आलं. ओळीत दोन रोपं, मग रिकामी जागा, मग एक रोप, मग पुन्हा रिकामी जागा, दात पडलेल्या तोंडासारखं. शेत एका बाईचं होतं. ती त्यांच्याबरोबर ओळीतून चालत होती, रिकाम्या जागी थांबत होती, बोलत नव्हती. बांधावर आल्यावर तिनं विचारलं, "पिशवीवर तुमच्या कार्यालयाचा शिक्का होता. शिक्का खरा होता ना, साहेब?"

"शिक्का खरा होता," मास्तर म्हणाले. "पेरल्यावर जमिनीवर खपली धरली असेल. कोंब खालच्या खाली अडकतात."

"असेल," ती बाई म्हणाली. "शेजारच्या वावरात धरली नाही, एवढंच."

परत येताना मास्तर एक शब्द बोलले नाहीत. तिला ते गप्प राहणं आपलंसं वाटलं होतं. दोघांनी मिळून एक दुःख पाहिलं आणि आता दोघं मिळून गप्प आहेत, असं. एका वळणावर जीप कलली आणि त्यांचं कोपर तिच्या कोपराला लागलं आणि सरळ रस्ता आल्यावरही थोडा वेळ तिथंच राहिलं. तिच्याजवळ जपण्यासारखं जे काही होतं त्यात ते सगळ्यात वर होतं. ते आठवताना शेत मागं पडायचं. आज पहिल्यांदा शेत पुढं आलं आणि कोपर मागं राहिलं.

सहाव्या दिवशी फौजदार चहाचे दोन कप घेऊन व्हरांड्यात आल्या. वादातल्या ओळीतली तीन रोपं आडवी झाली होती. त्या बाजूला बसल्या, बघितलं, पण आनंद दाखवला नाही.

"तुम्ही हे बघायला कुठं शिकलात?" तिनं विचारलं.

"इथंच की. म्हणजे तुमच्याच मास्तरांकडे. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट, मी नवी नवी लागले तेव्हा प्रशिक्षणाला होते. बाप रे, काय कडक माणूस. संशयाचं रोप चांगल्यात टाकलं की चिमट्यानं बोटावर टकटक करायचे. म्हणायचे, शंका आली की काढा; शेतकऱ्याला शंका विकायची नाही. मला फौजदार म्हणतात ना सगळे? मग ते तर कमिशनर होते."

"मास्तर?"

"हो. का? मऊ झाले होते का नंतर?" फौजदारांनी कप खाली ठेवला. "वय झालं की होतात माणसं मऊ. आमचे हे बघा, आता कुत्र्याशी बोलतात."

तिनं चहा घेतला. तो गरम होता, आणि तिला तो कुठं जातोय ते घशापासून खाली कळत होतं. फौजदार उठून गेल्या तरी ती बसून राहिली. म्हणजे मास्तरांचा जुना डोळा आत्ता तिच्या शेजारी बसला होता. पासष्ट हा मास्तरांचा आकडा होता. मग बहात्तर कोणाचा? ती मागं मागं गेली. चिठ्ठ्या जुळायला लागल्या त्या वर्षी ती काही वेगळं करायला लागली होती का? एखादं रोप उजवीकडे टाकताना हात जड झाल्याचं आठवतंय का? नाही. ज्या घरात काही फेकून देत नसत अशा घरात ती वाढली होती. पहिल्या दिवशी जसं मोजलं तसंच ती शेवटच्या दिवसापर्यंत मोजत राहिली होती. ती कधी बदललीच नव्हती.

मग उरलेली रोपं एकेक करून गेली. घाई केली नाही त्यांनी. शेजारच्या ओळीला तिसरं पान आलं, ती ओळ दाट आणि थोडी उद्धट दिसू लागली, आणि वादातल्या ओळीत शेवटी दोनच उभी राहिली, तीही पिवळी. आठवडा उलटल्यावर प्रमुख स्वतः व्हरांड्यात आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरं." त्यांनी तिला काही ऐकवलं नाही. पासष्ट धरून लॉट बाद झाला. कुठंतरी कोणाचं तरी पीक पोत्यांसकट गिरणीकडे वळणार होतं, आणि कुठंतरी कोणाच्या तरी ओळी यंदा रिकाम्या राहणार नव्हत्या. तिनं अहवालावर सही केली. फौजदारांनी खाली आपली केली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, मनाला लावून घेऊ नका. डोळा कोणाचाही घसरतो."

दुपारच्या सुट्टीत ती ट्रेपाशी गेली आणि मेलेल्यांतलं एक रोप चिमट्यानं हळूच वर काढलं. मातीतून ते लगेच निघालं, कशालाच धरून नव्हतं. मुळाच्या टोकाशी गेल्या आठवड्याभरात एक केस वाढला नव्हता. हे पहिल्याच दिवशी दिसण्यासारखं होतं. कमिशनरला तर नक्कीच. तिनं रोप मातीवर ठेवलं, हात धुतले आणि मास्तर गेल्यापासून एकदाही न लावलेला फोन लावला.

"मास्तर, मी बोलतेय."

"हं. बोला बाई." काल संध्याकाळीच येतो म्हणून गेल्यासारखा आवाज.

"सोयाबीनचा नमुना होता. मूळ खुंटलेली रोपं होती बरीच. मातीत लावून पाहिली."

मग मास्तर म्हणाले, "राहिली नाहीत." ते विचारत नव्हते.

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"नेहमीच?"

"नेहमी."

"आणि त्या शेतात, त्या बाईपुढं उभे होतात तेव्हा?"

"तेव्हाही, बाई."

तिला राग आला. खरा आला, त्या रिकाम्या जागांएवढा मोठा. त्या बाईला त्यांनी जमिनीच्या खपलीचं कारण दिलं होतं, आणि तेव्हा तिचं लक्ष कोपराकडे होतं. पण रागाच्या मागोमाग, त्याचा हात धरून, दुसरंही काही आलं, आणि तिला त्या दोघांना वेगळं करता येईना. एवढ्या कडक माणसानं, एवढी वर्षं, रोज दुपारी, चिठ्ठी पालथी घालण्याआधी स्वतःचं दिसणं बाजूला ठेवलं होतं आणि तिला काय दिसलं असेल ते पाहत बसला होता. आणि एकदाही चुकला नव्हता. तिला म्हणायचं होतं, असं करायचं नव्हतं तुम्ही. तिला म्हणायचं होतं, मला सांगायचं होतं तुम्ही.

"लॉट?" मास्तरांनी विचारलं.

"बाद."

"बरं झालं."

कोणीच फोन ठेवला नाही. त्यांच्या खोलीतही एक मोटार घरघरत होती, हिच्या कपाटांपेक्षा जरा चढ्या आवाजात. मग जवळूनच कोणीतरी तरुण आवाजात म्हणालं, "सर, माझं झालं. तुमची चिठ्ठी?"

"थांबा," मास्तर त्या आवाजाला म्हणाले. "मला पुन्हा एकदा बघू द्या."

तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे ओला कागद उलगडल्याचा आवाज येऊ लागला, सावकाश, एकेका रोपापाशी थांबत.